आधी बोलणे, मग लिहिणे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मराठी लेखनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला करण्यात आली. हा विषय केवळ माझ्या तासापुरता नाही. पालकांपैकी निदान दहा-पंधरा जणांनी वर्षभरात एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. "सर, पोरगा बाजारात मराठी फडाफडा बोलतो, बातम्या समजतात, भांडायचे झाले तरी मराठीत भांडतो, पण चार ओळी लिहायला सांगितल्या की त्याचे पेन अडते. असे का?" ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे. उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे, की आपण मुलांना लिहायला लावतो, पण लिहिण्याआधी त्यांना आपसात बोलू देत नाही. आणि बोलू दिले तरी ते बोलणे आपण ऐकत नाही.

आपल्या मुलांची भाषेची वाटचाल पाहा. घरात कोकणी किंवा दखनी. मदरशात अरबी हरफ. शाळेत उर्दू आणि तिच्या जोडीला इंग्रजी. बसमध्ये, दवाखान्यात, तहसील कचेरीत मराठी. एवढ्या भाषा कानावर घेऊन वाढणारे मूल बुद्धीने मंद असते, असे कोणी म्हणेल काय? मुळीच नाही. पण मराठी ही त्याची लेखनाची पहिली भाषा नव्हे, ही गोष्ट आपण लक्षात घेतली पाहिजे. दुसऱ्या भाषेत लिहिणे हे स्वतंत्र शिकावे लागते.

ह्यात काही अडचणी उघड दिसणाऱ्या आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत 'ळ' नाही, 'ण' नाही. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. घर आणि पाणी हे शब्द उर्दूत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. 'किताब' स्त्रीलिंगी, तर 'पुस्तक' नपुंसकलिंगी. म्हणून आपली मुले 'माझा घर' आणि 'माझी पुस्तक' असे लिहितात. ह्या चुका डोळ्यांना दिसतात, लाल शाईने दुरुस्त करता येतात आणि सरावाने जातातही. परंतु ज्या अर्जात अशी एकही चूक नाही, तो अर्ज नीट झाला असे म्हणता येत नाही. अर्ज शुद्ध असून वाचणाऱ्याला काय मागितले आहे तेच कळले नाही, तर त्या शुद्धलेखनाचा उपयोग काय? खरी अडचण येथे आहे आणि ती लाल शाईने सुटत नाही.

लेखनाचे प्रकार असतात. अर्ज वेगळा, तक्रारपत्र वेगळे, बातमी वेगळी, जाहिरात वेगळी, गोष्ट वेगळी. प्रत्येक प्रकार समाजातले एकेक काम करण्यासाठी तयार झालेला आहे. अर्जाने काही मागायचे असते, बातमीने काय घडले ते सांगायचे असते, जाहिरातीने गिऱ्हाईक बोलवायचे असते. ज्याचे जसे काम, तशी त्याची मांडणी. ही गोष्ट शिक्षणात नीट मांडण्याचे मोठे काम ऑस्ट्रेलियात झाले. मायकेल हॅलिडे हे भाषाशास्त्रज्ञ १९७६ साली सिडनी विद्यापीठात आले. भाषा ही समाजात कामे करण्याचे साधन आहे, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या विचाराच्या आधाराने जिम मार्टिन, जोन रॉदरी आदी अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास शाळांतील मुलांचे लेखन गोळा करून तपासले. त्यांना काय आढळले? मुलांकडून बहुतेक गोष्टी आणि अनुभवच लिहून घेतले जात होते. माहिती देणे, कारण समजावणे, बाजू मांडणे हे ज्या लेखनावर मोठेपणी माणसाचे पुष्कळ काही अवलंबून असते, ते शाळेत कोणी उघड शिकवतच नव्हते.

ह्याचा परिणाम सर्व मुलांवर सारखा होत नाही. ज्या घरी वडील कचेरीत आहेत, आई वर्तमानपत्र वाचते, त्या घरच्या मुलाच्या कानावर आणि डोळ्यांवर हे लेखन आपोआप पडते. मजुराच्या, खलाशाच्या, परमुलुखातून आलेल्या माणसाच्या घरात ते पडत नाही. मग शाळेने शिकवले नाही तर त्या मुलाला ते कोण शिकवणार? म्हणून ह्या अभ्यासकांनी सिडनीतील गरीब वस्त्यांतील आणि बाहेरदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांच्या शाळांत शिक्षकांबरोबर काम केले आणि एक साधी रीत बसवली. आधी त्या प्रकारचा चांगला नमुना सर्वांनी मिळून वाचायचा व त्याची फोड करायची. नंतर शिक्षक व वर्ग मिळून फळ्यावर तसाच एक मजकूर तयार करायचा. आणि मगच प्रत्येकाने एकट्याने लिहायचे. ही तीन पायऱ्यांची रीत आज अनेक देशांत दुसरी भाषा शिकवताना वापरली जाते.

आता तुम्ही म्हणाल, नमुना दाखवणे हे तर आमच्याकडेही चालते. बाजारात गाईडे भरपूर आहेत. बरोबर आहे, आणि धोका तेथेच आहे. नमुना हा समजून घेण्यासाठी असतो. आपण तो पाठ करण्यासाठी देतो. दोन वर्षांपूर्वी नववीतील एका हुशार मुलीने आजारपणाच्या रजेचा सुबक अर्ज लिहून आणला. अक्षर मोत्यासारखे. परंतु अर्जात लिहिले होते, 'मी आपल्या शाळेत शिकणारा विद्यार्थी असून तापामुळे शाळेत येऊ शकलो नाही.' नमुन्यातला अर्जदार मुलगा होता. तो तिने जसाच्या तसा उचलला होता. शेजारच्या मुलीने वाचून विचारले, "ये कौन बीमार है? तू या तेरा भाई?" सारा वर्ग हसला, तीही हसली, आणि तिने वहीत 'विद्यार्थिनी' व 'शकले' असे बदलून घेतले. जी गोष्ट व्याकरणाच्या तासाने झाली नसती, ती मैत्रिणीच्या एका प्रश्नाने झाली. कारण त्या प्रश्नाने अर्जामागे एक माणूस उभा केला.

तेव्हापासून माझ्या वर्गात मी एक पद्धत ठेवली आहे. नमुना दिला की तो लगेच समजावून सांगायचा नाही. चार-चार मुलांचे गट करायचे आणि तीन प्रश्न द्यायचे : हे कोणी कोणाला लिहिले? त्याला काय हवे आहे? वाचणारा हे वाचून पुढे काय करील? ह्या प्रश्नांवर मुलांनी आपसात बोलायचे. उर्दूत बोला, कोकणीत बोला, मराठीत बोला, तिन्ही मिसळून बोला. मी वही घेऊन गटागटांतून फिरतो आणि ऐकतो. जे कानावर पडते ते टिपून ठेवतो. पुढच्या तासाला काय शिकवायचे, हे त्या टिपणावरून ठरते. मुलांना काय येत नाही, हे परीक्षेच्या पेपरात कळते खरे. पण ते का येत नाही, हे फक्त त्यांच्या बोलण्यात कळते.

ह्याची काही उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण 'विषय' ह्या ओळीचे. मराठी अर्जात वर 'प्रति' लिहून मुख्याध्यापकांचे पद लिहितात आणि लगेच खाली 'विषय' म्हणून मागणे एका ओळीत सांगतात. एका गटात ह्यावर बराच वाद चालला होता. एका मुलाचे म्हणणे असे, की सलाम नाही, विचारपूस नाही, आणि एकदम मागणे? हा तर उद्धटपणा झाला. मुलाचे म्हणणे चुकीचे होते का? तो ज्या रीतीत वाढला त्या रीतीप्रमाणे ते अगदी बरोबर होते. उर्दू दरख्वास्तीची सुरुवात 'बखिदमत जनाब' ह्या शब्दांनी होते, पुढे 'जनाबे आली', मग 'गुजारिश है कि' आणि शेवटी 'फकत, आपका ताबेदार'. तेथे अदब आधी आणि काम नंतर. मराठी कचेरीच्या रीतीत काम आधी आणि अदब मजकुरात मुरलेली. म्हणजे मुलाला अर्ज येत नव्हता असे नाही. त्याला दुसऱ्या भाषेतला अर्ज येत होता.

हे कळल्यावर शिकवणे सोपे झाले. मी वर्गाला विचारले, की कचेरीत रोज पन्नास कागद येतात. कारकुनाने कोणता कागद कोणत्या टेबलावर पाठवायचा हे कशावरून ठरवावे? मुलांनीच उत्तर दिले, "विषय वाचून." मग अदब कोठे आहे ती शोधू या, असे सांगितले. त्यांनी 'महोदय' शोधले, 'कृपया' शोधले, 'ही नम्र विनंती' शोधले, शेवटचा 'आपला विश्वासू' शोधला. अदब नाहीशी झालेली नाही, तिने जागा बदलली आहे, हे त्यांना पटले.

थोडक्यात लिहिणे म्हणजे बेअदबी, अशी समजूत आपल्या घरांतही आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. मिर्झा गालिब यांची उर्दू पत्रे प्रसिद्ध आहेत; 'ऊद-ए-हिंदी' हा त्यांच्या पत्रांचा संग्रह १८६८ साली निघाला. त्यांच्या काळी पत्राच्या आरंभी लांबलचक अलकाब-आदाब लिहिण्याची रीत होती. गालिबनी ती बाजूला सारली आणि समोर माणूस बसला आहे अशा थाटात सरळ विषयाला हात घातला. आपण पत्राचेच संभाषण करून टाकले, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः एका पत्रात म्हटले आहे. उर्दूतील सर्वांत नामांकित पत्रलेखकाने जर बोलण्यातून लिहिणे घडवले, तर आपल्या मुलांनी तसे करण्यात कमीपणा कसला?

दुसरे उदाहरण शब्दांचे. मराठी कचेरीची भाषा आपल्याला परकी वाटते, पण तिच्यातले कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, हजर, मंजूर, वारस, जमीन, तहसील, जिल्हा ही नावे आपल्या मुलांना ओळखीची वाटतात, आणि ही फार मोठी सोय आहे. परंतु ओळखीचा चेहरा दिसला म्हणून माणूस तोच असेल असे नाही. उर्दूत 'दाखिला' म्हणजे शाळेत प्रवेश. मराठीत शाळेचा 'दाखला' काढणे म्हणजे शाळा सोडणे! उर्दूत 'रजा' म्हणजे मर्जी किंवा संमती. मराठीत 'रजा' म्हणजे सुट्टी. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश. मराठीत 'खुलासा करा' म्हणजे स्पष्टीकरण द्या. 'राजीनामा' उर्दूत समझोत्याचा कागद, तर मराठीत नोकरी सोडल्याचा.

हा घोळ मला एका गटाच्या बोलण्यात सापडला. दाखला मिळण्याबाबतच्या अर्जाचा नमुना वाचून एक मुलगा दुसऱ्याला समजावत होता, की ह्या मुलाला शाळेत प्रवेश हवा आहे. दुसरा म्हणाला, "मग तो 'वडिलांची बदली झाली' असे का लिहितो?" दोघेही अडले. त्यांनी हे आपसात बोलून दाखवले नसते, तर 'दाखला' हा शब्द त्यांना येतोच असे आपण सारे धरून चाललो असतो. त्या आठवड्यात आम्ही अशा शब्दांची यादी भिंतीवर लावली. आता मुले स्वतः तिच्यात भर घालतात. 'शिक्षा' हा शब्द एका मुलानेच आणून दिला, कारण हिंदीत ती शाळेत मिळते आणि मराठीत पाठीवर!

तिसरे उदाहरण बातमीचे. शाळेच्या क्रीडास्पर्धांची बातमी लिहायची होती. बोलताना सर्व गटांनी सकाळपासून सुरुवात केली : आम्ही मैदानावर गेलो, मग झेंडा लावला, मग पाहुणे आले. एका मुलाने मध्येच विचारले, "पण जिंकले कोण?" त्या प्रश्नात बातमीची सारी मांडणी आहे. गोष्ट पहिल्यापासून सांगावी, बातमी महत्त्वाच्या गोष्टीपासून सांगावी. मी फळ्यावर फक्त तो प्रश्न लिहिला.

आता जरा सविस्तर सांगावे असे एक उदाहरण. मोहल्ल्यातून शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावरचे तीन दिवे बरेच दिवस बंद होते. सायंकाळी जादा तास असत. सरपंचांना पत्र लिहावे, असे वर्गाने ठरवले. नमुन्याचे तक्रारपत्र आम्ही वाचले होते. गटांत बोलणे सुरू झाले. एक जण म्हणाला, "दिवे बंद आहेत, चालू करा. एका ओळीत संपले. ह्यात लिहायचे काय?" दुसऱ्याने विचारले, "कधीपासून बंद आहेत?" तो म्हणाला, "रमजानपासून." तिसरी म्हणाली, "सरपंचांना रमजान कधी होता ते कसे कळणार? तारीख घाल." मग कोणते तीन दिवे, हा प्रश्न निघाला. खांबांवर क्रमांक असतात, हे एका मुलाला माहीत होते. दुसऱ्या दिवशी तो ते उतरवून घेऊन आला.

एका गटात मात्र वेगळेच चालले होते. त्या गटातली एक मुलगी सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "अम्मी म्हणते, अंधार असेल तर जादा तासाला जायचे नाही. हे लिहायचे का?" एक मुलगा म्हणाला, "हे घरातले आहे, अर्जात नको." दुसरी मुलगी म्हणाली, "हेच तर कारण आहे. नाही तर दिवे कशाला हवेत?" मी तेथे उभा होतो. हा प्रश्न मी सर्व वर्गापुढे ठेवला. घरातले बोलणे अर्जात येऊ शकते का, आणि आले तर कोणत्या शब्दांत? पाऊण तास आम्ही त्यावर बोललो. शेवटी सर्वांनी मिळून फळ्यावर जे वाक्य तयार केले ते असे : 'रस्त्यावर अंधार असल्यामुळे पालक विद्यार्थिनींना सायंकाळच्या जादा तासास पाठवत नाहीत व त्यांच्या दहावीच्या तयारीचे नुकसान होत आहे.'

बंधू-भगिनींनो, हे वाक्य कोणत्याही गाईडात नाही. त्यातले कारण एका मुलीच्या घरातून आले आणि मांडणी मराठी तक्रारपत्राच्या रीतीतून आली. दोन्ही एकत्र आल्या तेव्हा ते पत्र झाले. नुसती रीत असती तर पाठांतर झाले असते. नुसते घरातले बोलणे असते तर ते घरातच राहिले असते. मुलांचे बोलणे आणि लेखनाची रीत यांची गाठ घालून देणे हेच भाषाशिक्षकाचे काम, असे मला वाटते.

त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मुलांनी पोच म्हणून शिक्का घेतला. महिना गेला, काही झाले नाही. तेव्हा मुलांनीच विचारले, की आता काय लिहायचे? म्हणून स्मरणपत्र हा प्रकार शिकवावा लागला. त्यात आधीच्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक का द्यायचा, हे सांगावे लागले नाही, कारण शिक्का त्यांच्या हातात होता. स्मरणपत्रानंतर तीनपैकी दोन दिवे लागले. तिसरा अजून लागलेला नाही; त्याचे पत्र यंदाच्या नववीने लिहायचे आहे.

आता पालकांच्या दोन शंका मला माहीत आहेत, त्यांचे उत्तर देतो.

पहिली शंका : मराठीच्या तासाला उर्दू-कोकणी बोलू दिली तर मुले मराठी कशी शिकणार? माझे म्हणणे असे, की विचार ज्या भाषेत मोकळा होतो त्या भाषेत होऊ द्या; मग तो मराठीत उतरवा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी असे दाखवून दिले, की मुलाचा विचार आधी माणसामाणसांतल्या व्यवहारात उभा राहतो आणि नंतर तो त्याच्या मनात घर करतो. फळ्यावर आम्ही सर्व मिळून लिहितो ते मराठीतच. वहीत एकट्याने लिहितात तेही मराठीतच. आधीचे बोलणे ही त्याची तयारी आहे. शेतात भात लावण्याआधी रोपे वेगळ्या वाफ्यात वाढवतात. म्हणून कोणी त्याला वेळ फुकट गेला असे म्हणत नाही.

दुसरी शंका : बोलण्यात वेळ गेला तर अभ्यासक्रम कसा संपणार आणि बोर्डात गुण कसे मिळणार? बोर्डाच्या परीक्षेत आता उपयोजित लेखन म्हणून पत्र, बातमी, जाहिरात असे प्रश्न विचारतात. प्रश्नात काही माहिती दिलेली असते आणि तिच्यावरून लिहायचे असते. पाठ केलेला अर्ज त्या माहितीला जुळत नाही, आणि मुलगा परीक्षेच्या खोलीत घामाघूम होतो. ज्याला 'कोणी, कोणाला, कशासाठी' हे विचारण्याची सवय आहे, तो नवा प्रश्न पाहून घाबरत नाही.

मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. नुसता गोंगाट म्हणजे शिक्षण नव्हे. गटात एखादा मोठ्या आवाजाचा मुलगा सर्वांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, असेही होते. म्हणून आमच्या वर्गात पहिले बोलण्याचा मान सर्वांत अबोल मुलाला असतो आणि टिपण ठेवण्याचे काम दरवेळी दुसऱ्याकडे जाते. आणि मुलांचे बोलून झाले म्हणजे शिक्षकाचे काम संपत नाही. तेथे ते सुरू होते. 'विषय' कोठे लिहितात, 'सदर' म्हणजे काय, 'वरील विषयास अनुसरून' हे शब्द कशासाठी, हे मुलांना आपोआप समजत नाही. ते उघड, स्पष्ट शिकवावेच लागते. मुलांचे ऐकणे म्हणजे शिकवणे सोडून देणे नव्हे. कोठे शिकवायचे ते ठरवणे होय.

हा विषय आपल्या समाजाला विशेष जवळचा का, हेही सांगतो. मराठी ही १९६४ च्या कायद्याने राज्याची राजभाषा आहे, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत तिचे शिक्षण सक्तीचे झाले आहे. परंतु कायदा आहे म्हणून शिकावे, एवढेच त्याचे कारण नाही. सातबारावरील वारसाची नोंद, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, ह्यांची कामे मराठीत चालतात. ज्याला स्वतःचा अर्ज लिहिता येत नाही, तो कचेरीबाहेर बसलेल्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतो, आणि आपल्या सहीखाली काय लिहिले आहे ते त्याला कळत नाही. आणि मराठी आपल्याला परकी कधी होती? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या सभा भारून जात. मराठी आपल्या तोंडात आहेच. ती हातात आणायची आहे.

पालकांना माझी विनंती आहे. पूर्वी वडील आखातात असत तेव्हा घरी पत्रे येत आणि उत्तरे जात. त्या निमित्ताने मुलाच्या हाताला लिहिण्याचे वळण लागे. आता मोबाईलवर आवाज पाठवला की काम होते. सोय झाली, पण घरातले लिहिणे बंद पडले. तेव्हा घरात येणारा मराठी कागद, मग तो वीजबिल असो, बँकेची नोटीस असो वा लग्नाची पत्रिका असो, मुलाच्या हातात द्या आणि विचारा : हे कोणी लिहिले, कोणासाठी, आणि आपण आता काय करावे असे त्यांना वाटते? उत्तर कोकणीत आले तरी चालेल. तुम्हाला स्वतःला मराठी लिहिता येत नसेल, तरीही हा प्रश्न विचारता येतो. आणि मुलगी बोलू लागली, तर तिला मध्येच थांबवू नका. तिच्या बोलण्यात कदाचित उद्याच्या अर्जातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य असेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. पेन उचलण्याआधी शेजाऱ्याला सांगा, की मला काय म्हणायचे आहे. त्याला कळले नाही तर पुन्हा सांगा. त्याने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर लेखनात आले पाहिजे असे समजा. गाईड वाचू नका असे मी म्हणत नाही. वाचा, पण त्यातला अर्जदार तुम्ही नाही, हे विसरू नका. तुमचा अर्ज तुमच्या नावाचा, तुमच्या कारणाचा आणि तुमच्या सहीचा असला पाहिजे.

 मराठी अर्थाने, आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.